होडी जुनी, मोटर केवढी?

मी गुलमंडीत राहते. घरापासून थोडं चाललं की मछली खडक लागतो. नावात मछली असली तरी तिथून मी आजवर एकही मासा आणलेला नाही. मासळीशी माझं नातं आहे ते माहेरचं. माहेर दाभोळच्या खाडीकाठी, आणि भाऊ अजून तिथे होडी चालवतो.

गेल्या महिन्यात पैठण तालुक्यात, नाथसागराच्या काठच्या एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. गटातल्या एका ताईने कर्ज मागितलं होतं. नवरा वल्ह्यावर होडी चालवतो, खांदे दुखतात, वारा सुटला की परत यायला रात्र होते. त्याला मोटर घ्यायची होती. विकणाऱ्याने २५ अश्वशक्तीची सांगितली होती. ‘मोठी घेतली की लवकर येतील, मासा ताजा पोचेल,’ ताई म्हणाली. रक्कम एवढी होती की गटाची जवळजवळ सगळी पुंजी त्यात गेली असती. नाही म्हणावं तर ताई दुखावते, हो म्हणावं तर बाकीच्यांचे हात रिकामे. सगळ्या गप्प बसल्या. तेव्हा मी दादाच्या होडीची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते.

दादाची होडी लाकडी, २२ फुटी, वडिलांच्या वेळची. तिच्यावर २५ ची जुनी टू-स्ट्रोक मोटर होती. खाडीत सगळ्यांच्याच मोटरी मोठ्या होत चालल्या होत्या, म्हणून यानेही घेतली. ही चढाओढ कोकणापुरती नाही. केरळात १९८० च्या सुमारास होड्यांना सात-आठ अश्वशक्तीच्या मोटरी लागल्या, आणि बघता बघता त्या १५, २५, ४० वर गेल्या. शेजाऱ्याने मोठी घेतली की आपली लहान वाटू लागते, मग ती मोटर असो की लग्नाचा मांडव.

मासळी विकते वहिनी, आणि पेट्रोलचे पैसेही तीच काढून देते. हिशोबाची वही तिच्याकडे असल्यामुळे खोट तिलाच दिसली. मासळी चांगली मिळाली त्या महिन्यातही हातात काही उरत नव्हतं. तिने दादाला एकच सांगितलं: होडी किती वेगाने जाते आणि तासाला किती पिते, ते एकदा मोजून दाखवा.

मोजणं सोपं आहे. मोबाइलवर वेग दाखवणारं अ‍ॅप मिळतं. पेट्रोलच्या कॅनवर लिटरच्या खुणा करायच्या. जाळं, बर्फ, माणसं असा रोजचा भार घेऊन सरळ जायचं आणि तितकंच उलटं यायचं, म्हणजे वारा आणि ओढ दोन्हीकडून धरली जाते. दादाची होडी नेहमीच्या चालीत ताशी ११ किलोमीटर जात होती आणि तासाला आठ लिटर पीत होती. मोटर आणखी पिळली की मागची बाजू पाण्यात बसायची, नाळ वर उचलायची, मागे ही मोठी लाट उठायची. वेग मात्र जेमतेम एखाद्या किलोमीटरने वाढायचा.

असं का होतं? जड होडी पाणी बाजूला सारत चालते. चालताना तिची स्वतःचीच लाट उठते, आणि वेग वाढला की ती लाट लांब होत जाते. लाटेची लांबी होडीएवढी झाली की होडी दोन उंचवट्यांच्या मध्ये अडकते. त्यापुढे जायचं म्हणजे स्वतःच्याच लाटेचा चढ चढायचा. हा वेग काढायचं एक गणित आहे. होडीचा पाण्याला टेकलेला भाग मीटरमध्ये मोजा, त्याचं वर्गमूळ काढा, साडेचारने गुणा. दादाच्या होडीची ही लांबी सहा मीटर. वर्गमूळ सुमारे २.४५, म्हणजे वेग ताशी ११ किलोमीटर. वहीत लिहिलेला आकडा तोच होता! शाळेतलं वर्गमूळ असं कामाला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

हलकी, सपाट तळाची फायबरची होडी मोठ्या मोटरने पाण्यावर उचलली जाते आणि सुसाट पळते, हे खरं आहे. पण ती रिकामी असते तेव्हा. जाळी, बर्फ आणि तीन माणसं भरलेली जुनी होडी पाण्यात बसूनच चालणार.

अशा होडीला टनामागे चार-पाच अश्वशक्ती पुरते. दादाची होडी भारासकट दीड टनाची, म्हणजे सहा ते आठ. वारा आणि ओहोटीसाठी थोडी शिल्लक ठेवून त्याने ९.९ ची फोर-स्ट्रोक घेतली. आधी एका ओळखीच्याची आठवडाभर मागून आणली, मगच पैसे मोजले. आता होडी ताशी नऊ किलोमीटर जाते आणि तासाला अडीच लिटर पिते. जाऊन-येऊन १६ किलोमीटरची फेरी धरा. पूर्वी सुमारे दीड तास लागायचा आणि बारा लिटर जायचं. आता पावणेदोन तास लागतात, वीसेक मिनिटं जास्त, आणि साडेचार लिटर जातं. पेट्रोल शंभर रुपये धरलं तरी फेरीला साडेसातशे वाचले. महिन्याला पंधरा फेऱ्या झाल्या तर किती, ते तुम्हीच मांडा. शिवाय टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, तोही खर्च गेला.

तोटा नाही असं म्हणणार नाही. ओहोटीची ओढ जोरात असली की लहान मोटर तिच्याविरुद्ध कशीबशी सरकते. दादाला आता आजोबांसारखं भरती-ओहोटी बघून निघावं लागतं. पहिला महिनाभर तो कुरकुरत होता.

मोटर बदलताना तीन ठिकाणी फसायला होतं.

पहिलं ठिकाण दांड्याचं. मोटरीचा दांडा साधारण १५ इंची आणि २० इंची मिळतो. होडीची मागची फळी वरच्या कडेपासून तळापर्यंत मधोमध मोजायची. दादाची भरली १९ इंच. एका दुकानदाराकडे १५ इंची शिल्लक होती, तो म्हणाला चालेल. चालली नसती. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते, ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला हवी. वर राहिली तर लाटेत पंखा हवा ओढतो आणि मोटर नुसती किंचाळते. फार खाली गेली तर उथळ पाण्यात पंखा चिखलात रुततो. नाथसागराच्या काठाला पाणी उतरल्यावर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

दुसरं पंख्याचं. पंख्यावर दोन आकडे असतात, एक व्यास आणि दुसरा पिच. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे सरकू पाहतो. हलक्या होडीचा जास्त पिचचा पंखा जड होडीला लावला तर घाट चौथ्या गिअरमध्ये चढवल्यासारखं होतं. मोटर घुसमटते, काळा धूर टाकते आणि लवकर संपते. भार वाहणाऱ्या होडीला व्यास मोठा आणि पिच कमी असलेला पंखा मागून घ्या. पूर्ण भारावर मोटर कंपनीने सांगितलेले फेरे गाठते की नाही, ते मेकॅनिककडून तपासून घ्या.

तिसरं ठिकाण सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कोणी बघत नाही. मोटर ज्या फळीवर लटकते ती मागची फळी. वरून रंग चकचकीत असतो, आत लाकूड कुजलेलं असतं. दादाने टोच्या घेऊन बोल्टांच्या जुन्या भोकांभोवती टोचून पाहिलं, तर एका जागी तो लोण्यात जावा तसा आत गेला. मोटर चालू असताना फळी सुटली असती तर मोटर तर गेलीच असती, होडीत पाणीही शिरलं असतं. त्याने सुताराकडून फळी बदलली, आरपार बोल्ट घालून मागे रुंद वायसर लावले, भोकं बुजवली. वर मोटर एका जाड दोरीने होडीला बांधून ठेवली. मोटर बंद करणारी लाल दोरी मनगटाला अडकवल्याशिवाय तो निघत नाही. माणूस तोल जाऊन पडला तर ती ओढली जाते आणि पंखा थांबतो.

आता नाथसागराचं. जायकवाडीचा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. त्यामुळे मोटरीचा विचार करण्याआधी वन विभागाकडे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. दुसरं, हेच पाणी आमच्या शहराच्या नळाला येतं. टू-स्ट्रोक मोटरीतलं ऑइल आणि पेट्रोल काही प्रमाणात न जळताच पाण्यात उतरतं, म्हणून स्वस्त मिळते तरी जुनी टू-स्ट्रोक घेऊ नका. हे मी थोडं स्वार्थानेही सांगते आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांसाठी अनुदान ६० टक्क्यांपर्यंत ठेवलं होतं, सर्वसाधारण गटाला ४० टक्के. सध्या काय चालू आहे आणि त्यात मोटर बसते का, हे मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात विचारा, आणि अर्ज ताईच्या नावाने होईल का तेही विचारा.

त्या बैठकीत शेवटी ठरलं ते असं. आधी वन विभागाला पत्र. होकार आला तर लहान मोटर मागून आणून, भार भरून आठ दिवस चालवायची आणि वही ताईने लिहायची. आकडे गटासमोर आले की मगच कर्ज, तेही लहान मोटरीपुरतं. पत्र गेलं आहे, उत्तर यायचं आहे. निघताना ताई मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, ‘तो टोच्या कुठं मिळतो हो? फळी तरी बघून ठेवते.’ पुढच्या फेरीला येताना गुलमंडीच्या बाजारातून तिच्यासाठी एक घेऊन जाणार आहे.