पर्यायी जनित्रसंचाचे दूरस्थ संनियंत्रण : रिले-संपर्कांचे स्वरूप, उपयोग व मर्यादा

प्रस्तावना

रुग्णालये, महाविद्यालयांतील संगणक-प्रयोगशाळा, शीतगृहे, दूरध्वनीचे मनोरे अशा ठिकाणी मुख्य वीजपुरवठा खंडित झाल्यावर भार उचलण्यासाठी डिझेल जनित्रसंच बसविलेला असतो. या यंत्राचे वेगळेपण असे की, वर्षातील बहुतांश काळ ते बंद असते आणि बंद असणे हीच त्याची योग्य स्थिती होय. पाण्याचा पंप बिघडला तर नळ कोरडा पडतो व बिघाड त्याच दिवशी कळतो. याउलट सज्ज असलेला जनित्रसंच आणि नादुरुस्त जनित्रसंच बाहेरून पाहता सारखेच दिसतात. त्यांतील फरक वीज जाते त्या क्षणीच उघड होतो, आणि तो क्षण दुरुस्तीचा नसतो.

इ. स. २००० नंतरच्या दशकात ग्रामीण महाराष्ट्रात दररोज अनेक तासांचे भारनियमन होते. त्या गैरसोयीचा एक अनपेक्षित लाभ असा की, संच रोज चालत असे आणि त्याची प्रकृती रोज तपासली जात असे. पुरवठा सुधारला तसा संच महिनोन्‌महिने उभा राहू लागला. दुसरीकडे, २००२ च्या केंद्रीय अधिसूचनेने १००० के.व्ही.ए.पर्यंतच्या नव्या डिझेल संचांना आवरणापासून १ मीटर अंतरावर ७५ डेसिबलची ध्वनिमर्यादा घालून दिली. संच ध्वनिरोधक पेटीत बंद झाले आणि इमारतीच्या मागील कोपऱ्यात गेले. आवाजावरून 'जनरेटर लागला' हे ओळखण्याची सोय त्यामुळे बऱ्याच अंशी संपली. संचाची स्थिती दूरवरून जाणून घेण्याची गरज या दोन्ही बदलांमुळे वाढली आहे. ती भागविण्याचा सर्वांत साधा आणि तरीही वारंवार चुकीच्या रीतीने वापरला जाणारा मार्ग म्हणजे नियंत्रण-पॅनेलमधील रिले-संपर्क. प्रस्तुत लेखात या मार्गाचे विवेचन केले आहे.

रिले-संपर्काचे स्वरूप

रिले म्हणजे विद्युतचुंबकाने हलणारा स्विच होय. त्याच्या वेटोळ्यातून प्रवाह गेला की तो ऊर्जित होतो आणि आतील पट्टी एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर सरकते. सामाईक बिंदू आणि रिले ऊर्जित नसताना उघडा राहणारा बिंदू यांच्या जोडीस 'एन.ओ.' म्हणतात, तर सामाईक बिंदू आणि अशा वेळी मिटलेला राहणारा बिंदू यांच्या जोडीस 'एन.सी.' म्हणतात. या संपर्कांना स्वतःचा दाब नसतो, म्हणून विद्युत-कारागीर त्यांना 'पोटेन्शियल फ्री' असे म्हणतात. संचाचा उत्पादक कोणीही असो, संनियंत्रण-उपकरण कोणत्याही कंपनीचे असो, दोहोंमध्ये केवळ दोन तारांचा संबंध येतो. एका बाजूचा दाब दुसऱ्या बाजूस जात नाही व भाषाही जुळवावी लागत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अनेक आधुनिक नियंत्रकांवर 'आउटपुट' असे लिहिलेली टोके प्रत्यक्षात रिले-संपर्क नसतात. त्यांवर संचाच्या बॅटरीचा धन दाब ट्रान्झिस्टरमार्फत येतो. ती थेट संनियंत्रण-उपकरणास जोडल्यास दोन्ही प्रणालींची भूसंधाने एकमेकांत मिसळतात. अशा टोकांवर एक मध्यस्थ रिले बसवावा, त्याच्या वेटोळ्यास उलटा डायोड जोडावा आणि त्या रिलेचे संपर्क पुढे न्यावेत.

कोणते संकेत घ्यावेत?

बहुसंख्य ठिकाणी एकच संकेत घेतला जातो आणि तो 'संच चालू' हा असतो. परंतु 'चालू' म्हणजे नेमके काय, हे तो संकेत कोठून घेतला यावर अवलंबून असते. इंधनाच्या सोलेनॉइडवरून घेतलेला संकेत फक्त चालण्याची आज्ञा दिली गेली एवढेच सांगतो. तेलदाबाच्या स्विचवरून घेतलेला संकेत इंजिन फिरत असल्याचे सांगतो. पण अल्टरनेटर वीज निर्माण करीत आहे की नाही, याविषयी तो मौन बाळगतो. अल्टरनेटरच्या टोकांवर बसविलेला व्होल्टेज-रिले वीज निर्माण होत असल्याची ग्वाही देतो, तर भार बदलणाऱ्या काँटॅक्टरचा सहायक संपर्क ती वीज इमारतीत पोहोचत असल्याचे सांगतो. संस्थेच्या दृष्टीने शेवटचे दोन संकेत महत्त्वाचे होत. इंजिनाचा आवाज हे साध्य नव्हे.

एका संकेताऐवजी दोन घेतले की माहिती दुपटीहून अधिक होते. 'मुख्य पुरवठा आहे' आणि 'संचाची वीज आहे' या दोन संपर्कांतून चार स्थिती उद्भवतात. पुरवठा आहे व संच बंद आहे, ही नेहमीची स्थिती. पुरवठा नाही व संच चालू आहे, ही संच कामी आल्याची स्थिती. पुरवठा असूनही संच चालू असेल तर चाचणी सुरू आहे, किंवा ए.एम.एफ. पॅनेलने वीज परत आल्याची दखल घेतलेली नाही आणि डिझेल वाया जात आहे. पुरवठा नाही आणि संचही बंद, ही चौथी स्थिती. हिच्यासाठीच सारा खटाटोप असतो. मात्र ती उद्भवताच धोक्याचा संदेश पाठवू नये. ए.एम.एफ. पॅनेल सामान्यतः तीन वेळा इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न करते व दोन प्रयत्नांमध्ये विश्रांती घेते. या क्रमाला पुरेल इतका, सुमारे एका मिनिटाचा विलंब ठेवणे इष्ट ठरते.

तिसरा संकेत सर्वाधिक उपेक्षित, पण कदाचित सर्वांत मोलाचा आहे : 'संच ऑटोवर नाही'. देखभालीसाठी आलेला तंत्रज्ञ निवड-स्विच 'ऑफ'वर ठेवतो, तेल बदलतो आणि निघून जातो. संचात कोणताही बिघाड नसतो, म्हणून कोणताही बिघाड-दिवा लागत नाही. तरीही वीज गेल्यावर संच सुरू होणार नाही. अमेरिकेतील आपत्कालीन वीज-व्यवस्थेच्या एन.एफ.पी.ए. ११० या मानकात, जेथे वीज जाण्याने जीवितास धोका संभवतो अशा संचांसाठी, नियंत्रण-स्विच स्वयंचलित स्थितीत नसल्याची सूचना संचाच्या खोलीबाहेर, कर्मचाऱ्यांच्या नजरेसमोरील फलकावर देणे आवश्यक मानले आहे. स्विचवर एक अतिरिक्त संपर्क-खंड बसविण्याचा खर्च पाहता, हा संकेत वगळण्यास सबळ कारण दिसत नाही.

इंधनाच्या बाबतीत मोठ्या टाकीपेक्षा इंजिनाजवळील दैनिक टाकीची पातळी अधिक बोलकी असते. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाने न्यूयॉर्कला तडाखा दिला तेव्हा बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनित्रसंच तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते. परंतु त्यांना इंधन पुरविणारे पंप तळघरात होते आणि तेथे पाणी शिरले. माणसांच्या रांगा करून जिन्याने डिझेल वर पोहोचवावे लागले आणि अखेरीस रुग्णालय रिकामे करण्यात आले. अशा प्रसंगी 'संच चालू' हा संकेत टाकीतील शेवटच्या थेंबापर्यंत समाधानकारकच राहतो. दैनिक टाकीतील तरंगस्विच आणि पंपाच्या जागी पाणी शिरल्याचा संपर्क यांमुळे पाणी काढता येत नाही हे खरे. पण टाकी रिकामी होण्यापूर्वीचे तास निर्णयासाठी हाती येतात.

मौनाचा अर्थ

आतापर्यंत संकेत कोणते, याचा विचार झाला. ते कोणत्या दिशेने द्यावेत, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. बिघाड झाल्यावर रिले ऊर्जित व्हावा आणि संपर्क मिटावा, ही रचना सर्वांना सहज सुचते व बहुतेक पॅनेलांवर तीच आढळते. तिचा दोष असा की, तार तुटली, टोकाचा स्क्रू सैल झाला किंवा रिले जळाला तरी दूरच्या फलकावर काहीच दिसत नाही. आणि काही न दिसणे याचाच अर्थ तेथे 'सर्व ठीक' असा घेतला जातो. संच सुरू न होण्याचे एक अतिशय सामान्य कारण म्हणजे निकामी बॅटरी, आणि बिघाडाचा रिले त्याच बॅटरीवर चालत असतो. बॅटरी पूर्ण उतरली की संच आणि त्याची तक्रार करणारा रिले, दोघेही एकाच वेळी मुके होतात.

यावरचा उपाय रेल्वेने दीडशे वर्षांपूर्वी शोधून काढला आहे. १८७२ मध्ये विल्यम रॉबिन्सन यांनी अमेरिकेत बंद रूळमंडलाचे एकस्व मिळविले. या रचनेत रुळांतून सतत प्रवाह वाहतो आणि तो रिलेला ऊर्जित ठेवतो. गाडी आली, रूळ तुटला किंवा बॅटरी संपली, तर रिले सुटतो व सिग्नल धोक्याचा होतो. म्हणजे सुरक्षिततेची ग्वाही सतत द्यावी लागते. ती थांबली की धोका गृहीत धरला जातो. जनित्रसंचासाठीही 'संच सज्ज' असा एक रिले सदैव ऊर्जित ठेवावा. स्विच ऑटोवर असणे, कोणताही बिघाड नोंदलेला नसणे, बॅटरीचा दाब योग्य असणे, या अटी एकसर मांडणीत पूर्ण झाल्या तरच तो ऊर्जित राहावा. त्याचा एन.ओ. संपर्क मिटलेल्या अवस्थेत दूरच्या फलकापर्यंत जाईल. मग तार तुटली तरी सूचना मिळेल.

सतत ऊर्जित रिले बॅटरी संपवील, असा आक्षेप घेतला जातो. १२ व्होल्टच्या लहान रिलेचे वेटोळे ४०० ओहमचे असेल तर त्यातून ३० मिलीअँपिअर प्रवाह वाहतो. हा खर्च दिवसाला सुमारे ०.७ अँपिअर-तास इतका होतो आणि चार्जर तो सहज भरून काढतो. चार्जरच बंद पडला असेल तर १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर या रिलेचा परिणाम जाणवण्यास काही आठवडे लागतील. आणि चार्जर बंद पडल्याचा संपर्कही वरील एकसर मांडणीत घेता येतो. आक्षेपात फारसे वजन नाही. एक व्यावहारिक अडचण मात्र खरी आहे. स्टार्टर फिरताना बॅटरीचा दाब एकदम खाली येतो, नियंत्रक क्षणभर बंद होऊन पुन्हा जागा होऊ शकतो आणि रिले सुटतो. संनियंत्रण-उपकरणात सुमारे दहा सेकंदांचा विलंब ठेवल्यास या खोट्या सूचना टळतात. खोट्या सूचनांकडे क्षुल्लक म्हणून पाहू नये. आठवड्यातून चार वेळा विनाकारण वाजणारी घंटा पहारेकरी पाचव्या वेळी बंदच करून ठेवतो.

तार, अंतर व संदेशवहन

संपर्काला दाब नसतो, म्हणून तो संनियंत्रण-उपकरणाने पुरवावा लागतो. २४ व्होल्ट व १० मिलीअँपिअर हे प्रमाण सोयीचे ठरते. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध दर किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. ५०० मीटर अंतरावर जाऊन येणाऱ्या मंडलाचा रोध तेवढाच, म्हणजे १२ ओहमच्या आसपास भरतो आणि दाबात केवळ ०.१२ व्होल्टची घट होते. म्हणून महाविद्यालयाच्या परिसरात अंतर हा अडथळा नाही. अडथळा येतो तो शेजारच्या वीजवाहिनीचा. संकेताची तार भारवाहिनीच्या नळीतूनच ओढल्यास तीत प्रत्यावर्ती दाब प्रेरित होतो. तार वेगळ्या नळीतून न्यावी, तिच्यावर धातूचे आवरण असावे आणि त्या आवरणाचे भूसंधान एकाच टोकाला करावे. प्रवाह अगदीच अल्प ठेवणेही हितावह नाही. चांदीच्या संपर्कांवर साचणारा पातळ थर भेदण्यास काही मिलीअँपिअर लागतात.

तारेऐवजी मोबाईल संदेशाचा मार्ग स्वीकारल्यास नवी साखळी जोडली जाते आणि तिची प्रत्येक कडी विजेवर अवलंबून असते. वीज गेली की इमारतीतील राउटर बंद पडतो. संदेश पाठविणारे उपकरण त्याच सॉकेटवर असेल तर तेही बंद पडते. म्हणून त्याला स्वतंत्र बॅटरी हवी. बाजारात मिळणारी अनेक स्वस्त उपकरणे केवळ २ जी जाळ्यावर चालतात. जिओचे जाळे ४ जी व ५ जीचे असल्याने ती तेथे निरुपयोगी ठरतात. शिवाय सिमकार्डाची मुदत संपणे हाही तांत्रिक बिघाडाइतकाच परिणामकारक बिघाड होय, आणि त्याची देयके कोणाच्या टेबलावर जातात हे बहुधा निश्चित नसते. येथेही वरील तत्त्वच लागू पडते : उपकरणाने दररोज ठरलेल्या वेळी हजेरीचा संदेश पाठवावा आणि तो न आल्यास दूरध्वनी उचलून चौकशी व्हावी.

अंकीय संवाद की रिले?

आजच्या नियंत्रकांतून मॉडबस पद्धतीने दाब, वारंवारता, तापमान, तेलदाब, चालू तास अशी माहिती थेट संगणकावर घेता येते. मग रिले कालबाह्य झाला काय? देखभालीच्या नियोजनासाठी अंकीय माहिती निःसंशय श्रेष्ठ आहे. बॅटरी हळूहळू क्षीण होत असल्याचे स्टार्टच्या वेळच्या दाबाच्या आलेखावरून दिसते. होय किंवा नाही एवढेच सांगणारा रिले ते दाखवू शकत नाही. परंतु संगणकाची प्रणाली बदलली, नियंत्रक बदलला किंवा एखादा पत्ता चुकला की पडद्यावर जुने आकडे तसेच स्थिर राहण्याचा संभव असतो. अभ्यासासाठी मॉडबस आणि धोक्याच्या सूचनेसाठी दोन तारांचा रिले, अशी विभागणी अधिक विश्वसनीय ठरते.

रिले-मंडलाचीही चाचणी घ्यावी लागते. एन.एफ.पी.ए. ११० मानकात संच दरमहा किमान ३० मिनिटे, अंकित क्षमतेच्या निदान ३० टक्के भारावर चालवावा असे म्हटले आहे. भाराविना चालविलेल्या इंजिनात अर्धवट जळालेले इंधन साचते. त्याच दिवशी आणखी पाच मिनिटे देऊन स्विच ऑटोवरून काढावा, 'संच सज्ज' मंडलाची एक तार सोडवावी, चार्जरचा पुरवठा बंद करावा आणि प्रत्येक कृतीनंतर दूरच्या फलकावर किंवा नियुक्त व्यक्तीच्या दूरध्वनीवर सूचना किती वेळाने पोहोचली ती वेळ नोंदवहीत लिहावी. चाचणी संपल्यावर तार पुन्हा जोडली व स्विच पुन्हा ऑटोवर आला, याची स्वाक्षरी संचाजवळील तंत्रज्ञाची नसावी. फलकासमोर बसलेल्या व्यक्तीने सूचना नाहीशी झाल्याचे पाहून ती करावी.