दख्खनच्या लाव्हाथरांमधला इवलासा दात

डायनोसॉर गेले आणि मग सस्तन प्राणी आले, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः हे दोन्ही प्राणिवर्ग दहा कोटी वर्षांहून अधिक काळ एकाच पृथ्वीवर वावरत होते. त्यांतील एका सस्तन प्राण्याचा परिचय, तो आपल्याच दख्खनचा म्हणून, आम्ही येथे करून देत आहोत.

जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी या संशोधकांनी 1988 साली 'नेचर' नियतकालिकात 'डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी'चे वर्णन प्रसिद्ध केले. भारतात सापडलेला क्रेटेशियस कालखंडातील हा पहिला सस्तन प्राणी. नावाचा अर्थ दख्खनचा लुटारू. पण हा लुटारू जेमतेम चिचुंद्रीएवढा! पुरावा कोणता? आजच्या तेलंगणातील नसकल येथे मिळालेले, एक-दोन मिलिमीटरांचे सुटे दात.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरत होते. दोन उद्रेकांमधील शांततेत तळी साचत, झाडे वाढत, जीवसृष्टी परते. पुढचा लाव्हा तो गाळ झाकून टाकी. अशा गाळाची माती भिजवून बारीक चाळणीतून धुतात आणि उरलेला कण न् कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. हे काम विलक्षण चिकाटीचे आहे.

एवढ्याशा दातावरून प्राणी कसा ओळखला, अशी शंका येईल. सरपटणाऱ्या प्राण्यांचे दात बहुधा साधे, एकसारखे असतात. सस्तनांच्या दाढांवर मात्र उंचवटे व खळगे असतात आणि वरची दाढ खालच्या दाढेत नेमकी बसते. त्यांच्या रचनेवरून कूळ आणि आहार यांचा माग लागतो. डेक्कनोलेस्टिसच्या टोकदार दाढा कीटक फोडण्यास योग्य होत्या. पुढे घोट्याची हाडेही मिळाली; त्यांवरून तो झाडांवर चढणारा असावा, असे अभ्यासकांनी मांडले. भारतभूमी तेव्हा समुद्राने वेढलेली, उत्तरेकडे सरकणारी होती. तरीही त्याच्याशी साम्य असणारे उत्तरकालीन प्राणी आफ्रिका व युरोपात सापडतात. ते तेथे कसे पोहोचले, यावर अद्याप मतैक्य नाही.

'हिस्लोपी' हे नाव नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या स्मरणार्थ आहे. हिस्लॉप कॉलेजमुळे विदर्भाला ते परिचित आहेत. त्यांचे जीवाश्मसंशोधन फारसे कोणास ठाऊक नाही. नागपूरजवळच्या टाकळीचे जीवाश्म आणि चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याची भलीमोठी हाडे त्यांनी अभ्यासिली. 1863 साली नदी ओलांडताना ते बुडाले. त्यांचे नाव धारण करणारा हा दात जगापुढे आला, तो त्यानंतर 125 वर्षांनी.