नौका कोण ओढणार?

१८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला सोळा मीटर लांबीची एक नौका लागली. आत माणूस नव्हता. तीन एके-४७ रायफली मात्र होत्या. दुसऱ्या दिवशी दहीहंडी. रायगडपासून मुंबईपर्यंत पोलीस खडबडून जागे झाले आणि २६/११ची आठवण निघाली नसती तरच नवल. त्याच दिवशी उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत खुलासा केला. नौकेचं नाव ‘लेडी हान’, मालकी ऑस्ट्रेलियन, प्रवास मस्कतहून युरोपकडे. २६ जूनला सकाळी दहाच्या सुमारास भरसमुद्रात इंजिन बंद पडलं. खलाशांनी मदतीसाठी हाक दिली. दुपारी एकच्या सुमारास कोरियाच्या युद्धनौकेने त्यांना उचललं आणि ओमानच्या ताब्यात दिलं. खवळलेल्या समुद्रामुळे नौका ओढून नेता आली नाही. ती तशीच सोडून दिली. ऐन पावसाळ्यातल्या वाऱ्या-प्रवाहांनी ती अरबी समुद्र ओलांडून ५३ दिवसांनी आपल्याकडे आणून टाकली.

चर्चा झाली ती रायफलींची. मला मात्र त्या बातमीतले दहा ते एक हे तीन तास जास्त बोलके वाटतात. इंजिन बंद, हाक, माणसं बाहेर, नौका वाऱ्यावर. समुद्री बचावाचं पुस्तक नेमकं हेच सांगतं. पण हेच तीन तास कोकणातल्या एखाद्या मच्छीमार नौकेवर घातले, तर एक वाजताही ड्रायव्हर इंजिनच्या खणात डोकं घालून बसलेला असतो, आणि बाहेर कुणालाही कळवलेलं नसतं.

ड्रायव्हर तिथे बसतो यात वेडेपणा काहीच नाही. डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही. हवा आणि स्वच्छ इंधन मिळालं, दाब नीट राहिला की ते चालतं. म्हणून बिघाडही बहुतेक वेळा ठरावीक जागीच सापडतो. टाकीच्या तळाशी साचलेलं पाणी आणि गाळ लाटांनी घुसळून वर येतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन धापा टाकत थांबतं. फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते. मग नट सैल करून हातपंप मारत राहायचं, बुडबुडे संपून नुसतं डिझेल येईपर्यंत. इंजिन तापलं असेल तर आधी समुद्राचं पाणी आत घेणारं तोंड बघायचं. तिथे प्लॅस्टिकची पिशवी चिकटलेली असते, नाहीतर पाणी खेचणाऱ्या पंपातल्या रबरी चक्राच्या पाकळ्या गळालेल्या असतात. आणि जाळं किंवा दोर पंख्यात गुरफटला असेल, तर इंजिन ठणठणीत असूनही नौका लुळी. जाणता ड्रायव्हर यातलं पुष्कळसं समुद्रातच उरकतो. म्हणून तर प्रत्येक वेळी वाटतं, आणखी दहा मिनिटं, होईलच सुरू.

त्या दहा मिनिटांच्या आधी नांगर पडायला हवा. इथे कोकणाला निसर्गाने एक मोठी सवलत दिली आहे. मुंबईसमोर समुद्राखालचा उथळ मंच सुमारे ३०० किलोमीटर पसरलेला आहे. ‘बॉम्बे हाय’ किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरच्या पलीकडे असूनही तिथे खोली ऐंशी मीटरच्या आत-बाहेर. केरळकडे हा मंच बराच अरुंद होतो. म्हणजे आपल्या नौका जिथे मासेमारी करतात, तिथे बहुतेक ठिकाणी तळ नांगराच्या आवाक्यात असतो. अट एकच, दोर पुरेसा हवा. नांगर तळात रुततो तो आडव्या ओढीने, म्हणून खोलीच्या निदान पाचपट दोर सोडायचा. वीस वाव पाण्यात शंभर वाव. इतका दोर सुटसुटीत गुंडाळून ठेवलेला असणं ही वेगळी गोष्ट.

नांगर नसला तर काय होतं, याचं टोकाचं उदाहरण होजे साल्वादोर अल्वारेंगा. नोव्हेंबर २०१२ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून हा मच्छीमार एका सोबत्याला घेऊन साताठ मीटरच्या उघड्या होडीतून निघाला. वादळात होडीमागचं इंजिन गेलं, जीपीएस गेला. वायरलेसवर मालकाने नांगर टाकायला सांगितलं, तर नांगरच सोबत नव्हता. मग वायरलेसची बॅटरीही संपली. सोबती वाटेत गेला; अल्वारेंगा ३० जानेवारी २०१४ रोजी पॅसिफिकच्या पार पलीकडे, मार्शल बेटांवर जिवंत पोहोचला. लोक आठवण ठेवतात ती त्याच्या ४३८ दिवसांची. पण त्याची हाक ऐकली गेली होती, शोधाशोधही झाली होती, हे सहसा कुणी सांगत नाही. होडी जागेवर राहिली नाही, एवढंच.

जागेवर राहण्याचं महत्त्व साध्या हिशेबाने कळतं. वाहत्या नौकेबद्दलचा अंदाज ताशी एका सागरी मैलाने चुकू शकतो असं धरा. तीन तासांनी शोधायचं वर्तुळ तीन मैल त्रिज्येचं, म्हणजे सुमारे ९७ चौरस किलोमीटर. बारा तासांनी तेच साडेपंधराशे. वेळ चौपट, समुद्र सोळापट. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेची ‘सरत’ ही प्रणाली २०१६पासून असा अंदाज बांधून देते: वस्तू कोणत्या प्रकारची, शेवटची कुठे दिसली, किती वाजता, आणि मग वारा व प्रवाह तिला कुठे नेऊ शकतात. पण ‘शेवटची कुठे आणि कधी’ हे किनाऱ्यावरून कुणीतरी सांगावं लागतं. कोकणातला हिवाळी वारा तर दुहेरी खेळ करतो. पहाटेचा मतलई जमिनीकडून सुटतो आणि बंद नौकेला बाहेर ढकलतो. दुपारनंतर वायव्येचा वारा तिलाच आत आणतो. संध्याकाळपर्यंत आपोआप आत येऊ, हा भरवसा त्यातूनच येतो. कधी खराही ठरतो, म्हणून तो जास्त घातक.

कळवायला उशीर झाला की काय होतं, हे या किनाऱ्याला ‘रामदास’ने शिकवलं. १७ जुलै १९४७ला सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही आगबोट काशाच्या खडकाजवळ तासाभराच्या आतच उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. मुंबई तिथून काही मैलांवर, तरी शहराला कित्येक तास पत्ता नव्हता. पाण्यातली माणसं उचलली ती त्या वाटेने मासळी घेऊन जाणाऱ्या कोळ्यांनी. ‘रामदास’ काही लहान होडी नव्हती आणि तिचं इंजिनही बंद पडलं नव्हतं. पण मदत सगळ्यात आधी कुणाकडून येते, याचं उत्तर तेव्हापासून फारसं बदललेलं नाही. जवळची नौका.

त्या नौकेपर्यंत आवाज पोहोचवणारं साधन म्हणजे व्हीएचएफ वायरलेस, चॅनेल १६. त्याची पोच नजरेइतकीच, कारण या लहरी पृथ्वीच्या गोलाईमागे वळत नाहीत. चार मीटर उंच अँटेना असलेल्या दोन नौका एकमेकींना साधारण नऊ सागरी मैलांपर्यंत ऐकू शकतात. डोंगरावरचं किनारी केंद्र त्याच्या अडीच-तीनपट दुरून ऐकू शकतं. मोबाइलवर रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे, सागरी पोलिसांचा १०९३. रेंज नसेल तर ‘इस्रो’ने बनवलेलं ‘डॅट’ हे यंत्र उपग्रहामार्फत संकटाचा संदेश पाठवतं. पहिल्या पिढीच्या डॅटची मोठी उणीव अशी की बटण दाबणाऱ्याला, कुणी ऐकलं की नाही, ते कळत नसे. बुडत्या माणसाच्या दृष्टीने ही किरकोळ बाब नव्हे. जानेवारी २०२४मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत पोच परत येते. ३० ऑगस्ट २०२४ला पालघरच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी एक लाख मच्छीमार नौकांवर दुतर्फा संदेश देणारे ट्रान्सपॉन्डर बसवण्याची ३६४ कोटींची योजना सुरू केली. आणि काहीच जवळ नसेल, तर आंतरराष्ट्रीय नियमांनी मान्य केलेली एक खूण फुकट आहे: दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश, पुन्हा पुन्हा वर-खाली करायचे. घाईने हलवलेला हात दुरून रामराम वाटतो.

म्हणजे साधनं आता बऱ्यापैकी आहेत. तरी हाक उशिरा जाते, आणि माझ्या मते याचं कारण अज्ञान नाही. बचावाची सगळी व्यवस्था माणसासाठी उभी आहे. नाखव्याचा जीव अडकलेला असतो नौकेत. समुद्राचा कायदा ही फोड अगदी स्पष्ट करतो. संकटातल्या माणसाला मदत करणं प्रत्येक जहाजाच्या कप्तानावर बंधनकारक आहे, आणि १९८९च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वाचलेल्या माणसाकडून त्याचे पैसे मागता येत नाहीत. नौका आणि माल वाचवला तर मात्र मोबदला मागता येतो. आपल्याकडेही मत्स्यसंपदा योजनेचा समूह विमा मच्छीमाराच्या अपघाती मृत्यूला पाच लाख देतो, पण तो विमा माणसाचा. कर्ज काढून बांधलेली नौका मागे सोडून हेलिकॉप्टरची दोरी धरायची, म्हणजे वाचून घरी जायचं ते हप्ते भरायला. हे नको म्हणून नाखवा हाक लांबवतो.

खरं तर हाकेचे दोन प्रकार आहेत, आणि गावोगावच्या सहकारी संस्थांनी आधी हे शिकवायला हवं. जीव तातडीच्या धोक्यात असेल तर ‘मेडे’ तीनदा. नौका बंद आहे, नांगर धरून आहे, तूर्त धोका नाही, पण आम्ही इथे आहोत हे नोंदवा, यासाठी ‘पॅन पॅन’ तीनदा. दुसऱ्या हाकेने कुणी तुम्हाला नौका सोडायला लावत नाही. ती पहिल्या अर्ध्या तासात गेली, तर बारा तासांनंतरचं साडेपंधराशे चौरस किलोमीटरचं कोडं उभंच राहत नाही.

मग ओढून नेणं. जीव जातात ते पुष्कळदा इथे. दोर लांब आणि ताणला जाणारा हवा. दोन्ही नौका एकाच वेळी लाटेच्या माथ्यावर आणि एकाच वेळी खळग्यात राहतील असं अंतर धरायचं, नाहीतर प्रत्येक लाटेला हिसका बसतो. दोर नाळेजवळच्या भक्कम खुंटाला, कठड्याला कधीच नाही. ताणलेला नायलॉनचा दोर तुटला तर उलटा येऊन माणूस मारतो, म्हणून त्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, आणि दोन्हीकडे एकेक जण कोयता घेऊन तयार. शेवटचा अडथळा बंदराच्या दारात. आंजर्ल्यासारख्या खाडीच्या मुखाशी गाळ साचलेला. ओहोटीला तिथे लाट फुटते, आणि ओढलेल्या नौकेला ती चुकवता येत नाही. भरती होईपर्यंत बाहेर थांबावं लागतं, कितीही थकवा असला तरी. देवगड त्या मानाने उदार बंदर. डिसेंबर २०१७च्या ओखी वादळात केरळ-तमिळनाडूच्या ६८ नौका आणि ९५२ मच्छीमार सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला सुखरूप लागले, ते देवगडच्याच आसऱ्याला.

ब्रिटनची ‘आरएनएलआय’ ही १८२४ पासूनची स्वयंसेवी संस्था. तिच्या बचावनौकांना सर्वाधिक बोलावणी येतात ती यंत्र बंद पडल्याचीच. जिवाला धोका होऊ नये म्हणून त्या नौका ओढूनही आणतात, बिल लावत नाहीत. आपल्याकडे हे काम शेजारची नौका करते. तिचा दिवसाचा धंदा बुडतो, डिझेल जळतं, आणि हिशेब दोन नाखव्यांच्या ओळखीवर मिटतो. राज्य सरकार मच्छीमारांना संस्थांमार्फत डिझेलवरच्या कराचा परतावा देतं, तोही थकतो ही जुनी तक्रार. त्याच हिशेबात ओढीच्या फेरीचा रकाना घालता येईल: तटरक्षक दलाकडे ‘पॅन पॅन’ची नोंद असेल, तर ओढून आणणाऱ्या नौकेला त्या फेरीचं पूर्ण डिझेल. नोंदीची अट असल्यामुळे हाकही वेळेवर जाईल. याला नवा उपग्रह लागत नाही, मत्स्यव्यवसाय खात्याचं एक परिपत्रक पुरेल.