उतारवयांत हातीं आलेलें हलकें रिव्हॉल्व्हर

शेतकऱ्याच्या घरीं बंदूक ही कांहीं नवी वस्तु नव्हे. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीं ठासणीची बंदूक पुष्कळ घरीं असे व अजूनहि कांहीं ठिकाणीं आहे. रिव्हॉल्व्हरची गोष्ट मात्र निराळी. १९५९ च्या शस्त्र कायद्यानें पीकरक्षणासाठीं ठासणीची, आणि ती पुरेशी नसेल तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक सांगितली आहे. त्यांत रिव्हॉल्व्हर येत नाहीं. तें जवळच्या अंतरावरचें व स्वसंरक्षणाचें हत्यार असून मळ्यांतील एकाकी वस्तीवर राहणारे कोणी गृहस्थ त्याच हेतूनें त्याचा परवाना घेतात.

हा परवाना कित्येकदां उतारवयांतच पदरीं पडतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणें परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, अथवा त्याचें वय ७० वर्षें झाल्यावर किंवा हत्यार त्याजकडे २५ वर्षें राहिल्यावर, त्याचा वारस आपल्या नांवें परवाना मागूं शकतो. म्हणजे ऐंशीच्या घरांतील वडिलांचें हत्यार पंचावन्न-साठीच्या मुलाकडे, किंवा पतीच्या पश्चात् त्याच्या पत्नीकडे येतें. हत्यार जुनें, परंतु धनी अगदीं नवशिका! महसूल खात्यांत परवान्यांचें दप्तर सांभाळीत असतां असे अर्ज माझ्या हातांखालून गेले आहेत. अर्जांतील रकाने भरतां येतात. परंतु हत्याराची संवय रकान्यांनीं लागत नाहीं. ती कशी लावावी, हाच या लेखाचा विषय आहे.

हलकेपणा म्हणजे सोपेपणा नव्हे

वयस्क माणसाच्या मनगटांत जोर कमी, म्हणून त्याला हलकें हत्यार द्यावें, असें घरच्या मंडळींस साहजिकच वाटतें. हा समज अर्धाच खरा आहे. हलकें हत्यार जवळ बाळगण्यास सोपें, परंतु चालविण्यास कठीण असतें.

उदाहरण घेऊं. कानपूर येथील सरकारी कारखान्यानें २०१४ सालीं ‘निर्भीक’ नांवाचें .३२ व्यासाचें रिव्हॉल्व्हर बाजारांत आणलें. तें टिटॅनियमच्या मिश्रधातूचें असून त्याचें वजन सुमारें ५०० ग्रॅम आहे. कानपूरच्याच जुन्या पोलादी .३२ रिव्हॉल्व्हरचें वजन सुमारें ७०० ग्रॅम भरतें. आतां दोहोंत काडतूस सारखेंच घातलें, तर गोळीचा पुढें जाण्याचा जोरहि सारखाच, आणि हत्यारास मिळणारा उलटा रेटाहि सारखाच. परंतु तो रेटा सोसणारें वजन जितकें कमी, तितकें हत्यार अधिक वेगानें मागें उसळतें. हिशेबानें या उसळीची शक्ति वजनाच्या व्यस्त प्रमाणांत असते. म्हणून ५०० ग्रॅमच्या हत्याराची उसळी ७०० ग्रॅमच्या हत्याराच्या सुमारें १.४ पट होते. रिकामी बैलगाडी खडबडीत रस्त्यावर भरल्या गाडीपेक्षां अधिक उडते, हें आपण नित्य पाहतोंच.

दुसरी अडचण चापाची. रिव्हॉल्व्हरमध्यें घोडा न चढवितां चाप ओढला असतां, तीच ओढ घोडा मागें नेते, काडतुसांचें चक्र फिरवते आणि शेवटीं घोडा सोडते. इतकें काम एका बोटानें व्हावयाचें असल्यानें त्यास लागणारा जोर हत्याराच्या वजनाच्या कित्येक पट असतो. त्यामुळें हलकें हत्यार त्या ओढीसरशी डगमगतें. तिसरी अडचण आंखूड नळीची. मागची खाच व पुढची माशी यांत १० सें.मी. अंतर असेल आणि माशी १ मि.मी. इतकीच सरकली, तर १० मीटरांवर गोळी १० सें.मी. चुकते. याकरितां नवशिक्याचा नेम चुकला, तर तो त्याच्या वयाचाच दोष आहे असें समजूं नये. हत्याराचा स्वभावहि तसाच आहे.

पहिला धडा : रिकाम्या हत्याराचा

पहिले कांहीं दिवस काडतूस दृष्टीसहि पडूं देऊं नये. तीं दुसऱ्या खोलींत कुलपांत असावीं. शिकणाऱ्यानें मेजापाशीं शांतपणें बसून हत्यार उघडावें, चक्रांतील सर्व भोंकें मोजावीं आणि प्रत्येकांत बोट फिरवून तीं रिकामीं असल्याची खात्री करावी. उतारवयांत अंधुक उजेडीं डोळा फसतो, बोट फसत नाहीं. हत्यार जितक्या वेळां हातीं घ्यावें तितक्या वेळां ही तपासणी झालीच पाहिजे. “आतांच पाहिलें होतें” ही सबब येथें चालत नाहीं.

त्याबरोबरच चार नियम अंगवळणीं पाडावे. प्रत्येक हत्यार भरलेलें आहे असेंच मानावें. ज्यावर गोळी झाडावयाची नाहीं त्याकडे नळीचें तोंड केव्हांहि करूं नये. नेम धरून झाडण्याचा निश्चय होईपर्यंत बोट चापाच्या कड्याबाहेर असावें. आणि लक्ष्याच्या मागें काय आहे हें आधीं ओळखावें. खटक्यावर किंवा कुलपावर भिस्त ठेवून यांतील एकहि नियम सैल करूं नये.

नंतर मूठ धरण्याची रीत. मूठ उजव्या हातानें शक्य तितकी वरून धरावी व डाव्या हाताचीं बोटें तीवर आवळावीं. डावखुऱ्यानें याच्या उलट करावें. चक्र व नळी यांमध्यें जी बारीक फट असते, तींतून बार होतांना तप्त वायु जोरानें बाहेर पडतो. तेथें अंगठा किंवा बोट गेल्यास भाजतें, कापतेंहि. म्हणून दोन्ही अंगठे फटीच्या बरेच मागें असावे.

मूठ बसली कीं .३२ च्या हत्यारांत नकली काडतुसें घालून, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून चाप सावकाश, एकसारखा ओढण्याचा सराव करावा. भिंत अशी निवडावी कीं तिच्यापलीकडे मनुष्यवस्ती नसेल. घोडा पडेपर्यंत माशी स्थिर राहिली म्हणजे धडा साधला. रोज दहा-पंधरा वेळां पुरे. बोट दुखूं लागतांच थांबावें. .२२ चें हत्यार मात्र नकली काडतुसावांचून असें रिकामें चालवूं नये. त्याची ठोकणारी खिळी चक्राच्या कडेवर आपटून बिघाड होतो.

घोडा अंगठ्यानें आधीं चढवून ठेवला कीं चाप फारच हलका होतो, म्हणून अशक्त बोटास ही युक्ति गोड वाटते. परंतु कांपऱ्या हातांत चढविलेला घोडा हा धोका आहे, आणि तो न झाडतां उतरवितांना अंगठा निसटला तर बार होतो. नवशिक्यानें या वाटेस जाऊं नये.

डोळे व कान

चाळिशी उलटली कीं जवळचें अंधुक दिसूं लागतें. नेम धरतांना स्पष्ट दिसावयास पाहिजे ती माशी. लक्ष्य किंचित् पुसट दिसलें तरी चालतें. दुहेरी कांचेच्या चष्म्यांत वरच्या भागांतून माशी पुसट दिसते, आणि खालच्या भागांतून पाहण्यासाठीं मान वर करावी लागते. यावर उपाय असा कीं, डोळ्यांच्या डॉक्टरांस हाताच्या लांबीचें अंतर सांगून त्या अंतराचा निराळा चष्मा करून घ्यावा. माशीवर पांढऱ्या किंवा नारिंगी रंगाचा ठिपका दिल्यानेंहि पुष्कळ सोय होते. आंखूड नळीचा आवाज अतिशय कर्कश असतो. कानांत कापूस घालून भागत नाहीं. सरावाच्या वेळीं कानांवर योग्य झांकणें व डोळ्यांवर चष्मा असलाच पाहिजे.

प्रत्यक्ष बार

प्रत्यक्ष सराव मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या मैदानावर, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालींच करावा. आपल्या शेतांत, विहिरीच्या कांठीं किंवा दगडाच्या तालीवर झाडून पाहूं नये. गोळी दगडावरून उसळून कोठें जाईल याचा नेम नाहीं. लग्नावरातींत बार काढणें हा तर गुन्हाच असून, २०१९ च्या दुरुस्तीनें त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

आरंभ क्लबांतील जड .२२ हत्यारानें करावा. त्याचा धक्का नाममात्र असतो. तें साधल्यावर जड .३२ व शेवटीं आपलें हलकें हत्यार. अंतर पांच मीटर. चक्रांत प्रथम एकच काडतूस घालावें. एका दिवशीं दहा-बारा बार पुष्कळ झाले. धक्क्याची धास्ती बसली कीं माणूस बार होण्यापूर्वींच दचकून नळी खालीं दाबतो. ही खोड ओळखण्यासाठीं शिक्षकानें खऱ्या काडतुसांत एखादें नकली मिसळावें. नकलीवर घोडा पडतो, बार होत नाहीं, आणि नळी खालीं झुकलेली शिकणाऱ्यास स्वतःसच दिसते. मग सांगावें लागत नाहीं.

दोन प्रसंग आधींच समजावून द्यावे. चाप ओढला व बार झाला नाहीं, तर पुन्हां न ओढतां नळी लक्ष्याकडेच रोखून निदान अर्धा मिनिट थांबावें. काडतूस उशीरां पेटण्याचा संभव असतो. आणि बाराचा आवाज नेहमींपेक्षां दबलेला आला, तर तेथेंच थांबून हत्यार शिक्षकास दाखवावें; गोळी नळींत अडकली असल्यास पुढच्या बारानें नळी फुटते. सराव संपल्यावर हात साबणानें धुवावे, कारण काडतुसांतील शिसें पोटांत जाणें वाईट.

शिकविणारास दोन शब्द

वयस्क विद्यार्थी बहुधा आपल्याहून मोठा, पुष्कळदां घरांतीलच वडील असतो. त्याला पोरासारखें दटावूं नये व त्याच्या भीतीची थट्टा करूं नये. “आबा, आज एवढेंच पुरे, उद्यां पुढचें पाहूं,” असें म्हणणारा शिक्षक एका महिन्यांत जें साधतो, तें घाई करणारास वर्षांत साधत नाहीं. भीति ही येथें सर्वस्वीं वैरीण नव्हे. सावधगिरी तिच्याच पोटीं जन्मते. घरांतील मुलानें शिकवावयाचें म्हटलें तरी एक गोष्ट ध्यानांत असावी : परवाना ज्याच्या नांवें, हत्यार त्याच्याच ताब्यांत.

नको म्हणण्याचाहि अधिकार आहे

इतकें करूनहि हात थरथरत असेल, औषधानें गुंगी येत असेल, विसर पडूं लागला असेल, किंवा मनच घेत नसेल, तर हत्यार न ठेवणें यांत कमीपणा नाहीं. धन्यालाच ज्याची धास्ती, तें हत्यार घराचें रक्षण करीत नाहीं. कुलूपबंद पेटींत हत्यार एकीकडे व काडतुसें दुसरीकडे, आणि किल्ल्या मुलांच्या हातीं न लागतील अशा, हा नित्याचा नियम आहेच. परंतु नापिकी, कर्ज, दुखणें किंवा घरांतील मृत्यु यांमुळें कोणाचें मन खचलेलें असेल, तर कुलपावरहि विसंबूं नये. त्या दिवसांत हत्यार पोलिस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करून पावती घ्यावी. मन थाऱ्यावर आल्यावर तें परत आणतां येतें. गेलेला माणूस परत येत नाहीं.

वारसानें आलेली जमीन आपण नांगर धरण्यापूर्वीं हिंडून पाहतों. तिचा उतार, तिचे दगड, तिचें पाणी ओळखतों. वारसानें आलेल्या हत्याराचेंहि तसेंच आहे. आधीं तें ओळखावें, मग तें ठेवावयाचें कीं सोडावयाचें याचा निर्णय शांतपणें घ्यावा. दोन्हींपैकीं कोणताहि निर्णय समजून घेतलेला असला म्हणजे झालें.