उशिरा ऐकू आलेली गाणी

कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम किल्ल्याचे नाव मराठी माणसाला अगदीच परके नाही. या किल्ल्याच्या नावाने निघालेल्या महाविद्यालयात विल्यम केरी मराठी शिकवीत असत आणि त्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली, तर मराठी-इंग्रजी कोश १८१० साली बाहेर पडला. त्याच्याही अगोदर, १७४२ मध्ये, नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाच्या धास्तीने कलकत्तेकरांनी शहराभोवती एक खंदक खणावयास घेतला होता. तो पुरा झाला नाही. परंतु 'मराठा खंदक' हे नाव इतिहासात राहून गेले. २०२५ च्या प्रारंभी याच फोर्ट विल्यमला आपल्या सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील विजयदुर्गाचे नाव देण्यात आल्याचे जाहीर झाले, तेव्हा एक वर्तुळ पुरे झाल्यासारखे अनेकांना वाटले असेल. पण येथे सांगावयाची हकिकत तोफांची नव्हे, गाण्यांची आहे. आणि तिच्यातही घोडे आहेत, ते मात्र निराळ्या जातीचे.

प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ साली, इंग्रजांनी हा नवा किल्ला बांधावयास घेतला. तोफांच्या माऱ्यात आडकाठी येऊ नये म्हणून गोविंदपूर हे गाव उठविण्यात आले, रान तोडण्यात आले, आणि किल्ल्याभोवती विस्तीर्ण मोकळी जागा राखण्यात आली. हेच कलकत्त्याचे प्रसिद्ध मैदान. ज्या तोफांसाठी ही जागा मोकळी ठेवली, त्यांचा गोळा शत्रूवर डागण्याचा प्रसंग कधी आला नाही; परंतु त्यांच्या निमित्ताने शहराला श्वास घेण्याची जागा लाभली. फुटबॉल, सभा, मोर्चे या सर्वांना तिने आसरा दिला. पुढे अनेक वर्षे या मैदानावर हिवाळ्यात पुस्तकांची जत्रा भरत असे. १९९५ च्या अशाच एका जत्रेत एक कॅसेट विक्रीस आली. तिचे नाव 'आबार बछर कुडि परे', म्हणजे 'पुन्हा वीस वर्षांनंतर'. विस्मृतीत गेलेला एक वाद्यवृंद या कॅसेटने पुन्हा लोकांच्या ओठांवर आणला. त्या वृंदाचे नाव 'महीनेर घोडागुली'.

महीनेर घोडागुली म्हणजे महीनचे घोडे. हे नाव जीवनानंद दास यांच्या 'घोडा' या कवितेतून घेतलेले आहे. ही कविता १९४८ च्या 'सातटि तारार तिमिर' या संग्रहात आहे. स्वतः जीवनानंद हेही उशिराच ऐकू आलेले कवी होत. १९५४ साली कलकत्त्यात ट्रामच्या अपघाताने त्यांचा अंत झाला. त्यांच्या पश्चात त्यांच्या कादंबऱ्यांची व कथांची हस्तलिखिते सापडली, आणि ज्याला बंगाल केवळ कवी समजत होता तो मोठा गद्यलेखकही होता हे लोकांना कळून आले. अशा कवीचे बोट धरून निघालेल्या वृंदाच्या कपाळी उशिराची कीर्ती लिहिलेली असावी, हा योगायोगच म्हणावयाचा.

हा वृंद १९७५ च्या सुमारास जमला. त्याचे प्रमुख गौतम चट्टोपाध्याय. त्यांचे बंधू प्रदीप व विश्वनाथ, नात्यातले रंजन घोषाल, आणि तापस दास, तपेश बंद्योपाध्याय व अब्राहम मजुमदार हे त्यांचे सहकारी. गौतम हे प्रेसिडेन्सी कॉलेजचे विद्यार्थी. पार्क स्ट्रीटवरील उपाहारगृहांत ते गिटार वाजवीत. पुढे नक्षलवादी चळवळीत ओढले गेले, तुरुंगवास भोगला, आणि सुटल्यावर काही काळ बंगालबाहेर राहून ते कलकत्त्यास परतले. परतले ते हाती गिटार घेऊन. ज्या पिढीने क्रांतीचे स्वप्न पाहिले आणि त्या स्वप्नाचा चुराडाही पाहिला, त्या पिढीचा हा माणूस होता. त्याच्या गाण्यात घोषणा सापडत नाही याचे कारण बहुधा हेच असावे. घोषणा देऊन झाल्या होत्या.

त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९७७ साली निघाली. तिचे नाव 'संविग्न पाखिकुल ओ कलकाता विषयक'. संविग्न म्हणजे भ्यालेला, अस्वस्थ झालेला. भेदरलेली पाखरे आणि कलकत्ता यांच्याविषयीची ही गाणी. तबकडी लहान, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची. अशा तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून चार गाणी कशीबशी मावत, तेवढीच हिच्यात आहेत. १९७८ साली दुसरी व १९७९ साली तिसरी तबकडी आली. त्यांत दोन-दोन गाणी. १९८१ च्या सुमारास वृंद मोडला. सहा वर्षांचा उद्योग आणि पदरात अवघी आठ ध्वनिमुद्रित गाणी. सभासद पोटापाण्याच्या मागे चहूकडे पांगले. गौतम चट्टोपाध्याय चित्रपटांकडे वळले. त्यांच्या 'नागमती' या चित्रपटास राष्ट्रीय पुरस्कारही लाभला.

या गाण्यांत असे होते तरी काय? पाश्चात्त्य 'रॉक' संगीताचा सांगाडा त्यांनी घेतला होता हे खरे. त्यांच्या मेळाव्यात गिटार होती, तालवाद्ये होती. त्यांच्या जोडीला व्हायोलिन होते, बासरी होती, आणि मुख्य म्हणजे बाउल गायकांची मोकळी, भटकी वृत्ती होती. आपल्याकडील वासुदेव वा गोंधळी यांच्याप्रमाणे बाउल हा दारोदार फिरणारा गायक. देव देवळात न शोधता देहात शोधणारा. त्याच्या एकतारीतील वैराग्य आणि शहरी तरुणाचे एकाकीपण यांचा सांधा या मंडळींनी जुळविला. 'हाय भालोबासि' या गाण्यात पिकासो, दांते, बीटल्स, बीथोव्हेन, रविशंकर, अली अकबर अशी नावे एकामागून एक येतात. हे सारे आवडते असे गाणारा सांगतो, आणि तरीही मन कशातच रमत नाही अशी कबुली देतो. सुशिक्षित मध्यमवर्गीय तरुणाची ही अवस्था गीतात इतक्या सरळपणे आजवर कोणी मांडली नव्हती.

मग हे कोणाच्या कानी का गेले नाही? रसिकांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. त्या काळी बंगाली घरात गाणे म्हणजे रवींद्रसंगीत, नाही तर हेमंत मुखर्जी, मन्ना डे यांच्या गळ्यातील आधुनिक गीत, नाही तर चित्रपटगीत. दुर्गापूजेच्या सुमारास कंपन्या नव्या तबकड्या काढीत आणि लोक त्यांची वाट पाहत. कवी वेगळा, संगीतकार वेगळा, गायक वेगळा अशी त्या व्यवहाराची घडण होती. त्यात पाचसात मित्रांनी मिळून शब्द लिहावेत, चाली बांधाव्यात, वाजवावे आणि आपल्याच अनलंकृत आवाजात गावे, हा प्रकार कोणत्या खणात ठेवावा हेच कोणास कळेना. रवींद्रसंगीताच्या उपासकास तो उच्छृंखल वाटला असेल; पार्क स्ट्रीटवर इंग्रजी गाणी ऐकणाऱ्यास तो फार बंगाली वाटला असेल. जी वस्तू दोन घरांच्या मध्ये पडते, तिला उचलून कोणीच आत नेत नाही.

असे केवळ अनोळखी मंडळींच्याच वाट्यास येते असेही नाही. इंग्लंडमधील 'किंक्स' हा वृंद १९६४ पासून चांगला नावाजलेला होता. २२ नोव्हेंबर १९६८ रोजी त्यांची 'द किंक्स आर द व्हिलेज ग्रीन प्रिझर्वेशन सोसायटी' ही ध्वनिमुद्रिका निघाली. सगळे जग गिटारींच्या गर्जनेत दंग असताना रे डेव्हिस यांनी गावची हिरवळ, जुनी छायाचित्रे, वाफेची आगगाडी अशा लोप पावणाऱ्या गोष्टींवर हळुवार गाणी रचली. त्याच दिवशी इंग्लंडात बीटल्सची पांढऱ्या वेष्टनातील जोडतबकडी बाजारात आली. किंक्सची ध्वनिमुद्रिका खपाच्या याद्यांत कोठेच दिसली नाही. आज मात्र तीच त्यांची सर्वोत्तम कृती मानणारे पुष्कळ आहेत. कीर्ती असूनही कृती दुर्लक्षित राहू शकते, हे यावरून दिसते. किंबहुना कीर्तीमुळे श्रोत्यांच्या मनात जी ठरावीक अपेक्षा बसते, तीच कधी कधी नव्या कृतीच्या आड येते.

कलकत्त्यात ही उपेक्षा संपण्यास दोन गोष्टी कारण झाल्या. पहिली म्हणजे कॅसेट. तबकडीपेक्षा ती स्वस्त होती, आणि एकाने दुसऱ्यासाठी नक्कल करून देणे सोपे होते. दुसरी, १९९२ साली निघालेला सुमन चट्टोपाध्याय यांचा 'तोमाके चाइ' हा संग्रह. शहरातील रोजचे जगणे साध्या बोलीत, आपणच लिहून, आपणच गावे, ही रीत त्याने घरोघरी पोहोचविली. कान तयार झाले होते. तेव्हा गौतम चट्टोपाध्याय यांनी नव्या पिढीच्या गायकांना हाताशी धरून 'आबार बछर कुडि परे' सिद्ध केली; हे नावही जीवनानंदांच्याच कवितेतून आलेले. तिच्यामागून १९९८ पर्यंत आणखी तीन संग्रह निघाले. 'पृथिवीटा नाकि' हे पहिल्या संग्रहातील गाणे तर बंगालची सीमा ओलांडून गेले. २००६ च्या 'गँगस्टर' या हिंदी चित्रपटातील 'भीगी भीगी' या गीताची चाल त्यावरूनच घेतलेली आहे. बांगलादेशी गायक जेम्स यांच्या आवाजातील ते गीत महाराष्ट्रातही असंख्यांनी गुणगुणले. मूळ बंगाली गाणे कोणाचे, हे त्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

येथेच या कथेला एक वळण लागते, आणि ते ध्यानात घेण्याजोगे आहे. १९९५ नंतरच्या संग्रहांवर 'महीनेर घोडागुली संपादित' असे लिहिलेले असे. त्यांतील पुष्कळ गाणी इतरांनी रचलेली वा गायिलेली. लोकांनी 'संपादित' हा शब्द वगळला आणि सगळी गाणी एकाच नावावर जमा केली. परिणामी नाव गाजले, पण ज्या तीन लहान तबकड्यांनी ते नाव निर्माण केले, त्या मात्र मागेच राहिल्या. वृंद प्रतिष्ठित झाला आणि त्याची पहिली ध्वनिमुद्रिका उपेक्षितच राहिली. आज जो कोणी 'संविग्न पाखिकुल' मुद्दाम शोधून ऐकतो, तो हे दुसरे, अधिक कठीण उत्खनन करीत असतो.

असे उत्खनन महाराष्ट्रास नवे नाही. महानुभावांचे ग्रंथ शतकानुशतके 'सकळ' लिपीच्या आवरणाखाली झाकलेले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी उलगडली आणि मराठी गद्याचा इतिहासच नव्याने लिहावा लागला. तेथे अडसर लिपीचा होता, येथे कानाच्या सवयीचा. सवय हीसुद्धा एक लिपीच आहे. ज्याला ती वाचता येत नाही, त्याच्यापुढे ग्रंथ उघडा असूनही मिटलेलाच असतो.

तथापि जुने आणि दुर्लक्षित ते सारे थोर, असा नियम करणे धोक्याचे होईल. विस्मृतीत गेलेल्या बहुतेक गोष्टी विस्मृतीस पात्रच असतात. पुनर्शोधाच्या आनंदात माणूस शोधाचेच कौतुक करू लागतो आणि वस्तू पारखावयाची राहून जाते. म्हणून तुरुंग, अपयश आणि वीस वर्षांचा वनवास ही सारी दंतकथा क्षणभर बाजूला ठेवून त्या चार गाण्यांकडे कान द्यावा. त्यांतील आवाज काही ठिकाणी कच्चे आहेत, आणि रचना एका वाटेवरून अवचित दुसऱ्या वाटेला लागते. परंतु आपल्या शहराविषयी स्वतःच्या भाषेत, कोणाचीही उसनी ऐट न आणता बोलण्याचा निर्धार त्यांत आहे, आणि तो आजही खोटा वाटत नाही.

आणखी एक गोष्ट या कथेच्या तळाशी आहे. उशिराची दाद कृतीला पोहोचते, माणसाला पोहोचेलच असे नाही. गौतम चट्टोपाध्याय २० जून १९९९ रोजी निवर्तले. पुनर्भेटीचा आनंद त्यांना उणीपुरी चार वर्षे लाभला. रंजन घोषाल २०२० साली गेले. तापस दास २०२३ साली कर्करोगाने गेले. त्यांच्या आजारात तरुण गायक-वादकांनी मैफली करून उपचारांसाठी पैसा उभा केला. ज्यांचा त्या पहिल्या तबकडीच्या वेळी जन्मही झाला नव्हता, त्यांनी हे ऋण मानले. दाद वेळेवर मिळती तर कदाचित आठांऐवजी ऐंशी गाणी मागे राहिली असती. ही हानी कलावंताची खरी, पण त्याहून अधिक श्रोत्यांची.

किल्ल्याभोवतीचे ते मैदान एकदा रिकामे राखले गेले, म्हणूनच पुढे तेथे ग्रंथांची जत्रा भरू शकली आणि ती कॅसेट लोकांच्या हाती पडली. रसिकाच्या मनातही अशी थोडी जागा मोकळी असणे अगत्याचे आहे. आजच्या घटकेला कोठल्या तरी गावी, कोणत्या तरी लहानशा खोलीत, पाचसात मित्र असेच काही गात असतील. ते ओळखीचे वाटत नाही एवढ्याच कारणाने त्याकडे पाठ फिरवू नये. निदान एकदा तरी ते शेवटपर्यंत ऐकावे.