तांब्यावर कोरलेला काळोख

अंधाराची भीती माणसाला आदिकाळापासून आहे. पण अंधार कागदावर छापण्याची विद्या मात्र दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच नीट साधली. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक भुकटी पसरायची, खालून ऊब देऊन ती चिकटवायची आणि पत्रा आम्लात सोडायचा. कणाकणांच्या मधल्या फटींतून आम्ल तांबे खाते. उजेड हवा तिथे रोगण लावायचे. काळोख हवा तो भाग जास्त वेळ आम्लात ठेवायचा. मग खाचांत शाई भरून ओल्या कागदावर छाप घ्यायचा. या पद्धतीला ‘ॲक्वाटिंट’ म्हणतात. बँकेत उमेद गेलेल्या माझ्यासारख्याला ती परकी वाटत नाही. कोऱ्या नोटेवर अंगठा फिरवला की शाईचा उंचवटा लागतो, तोही खाचेतल्या शाईचाच!

स्पेनच्या गोयाने १७९९ साली या काळोखातून ८० चित्रांचा संच काढला. मेजावर डोके टेकून झोपलेला माणूस आणि त्याच्या पाठीमागून उठणारी घुबडे, वटवाघळे हे त्यातले सर्वांत गाजलेले चित्र. संच थोडे दिवस विक्रीला राहिला आणि मागे घेतला गेला. पुढे १८०३ साली गोयाने तांब्याचे पत्रेच राजाच्या हवाली केले.

त्याच १८०३ साली, त्याच पद्धतीने छापलेली २४ चित्रे लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. विषय होता आपले वेरूळ! मूळ रेखाटने जेम्स वेल्सची, छपाईची देखरेख टॉमस डॅनिएलची. हा वेल्स म्हणजे सवाई माधवराव आणि नाना फडणविसांची चित्रे काढणारा स्कॉटिश चित्रकार. ऑक्टोबर १७९५मध्ये सवाई माधवराव गेले आणि पुढच्याच महिन्यात वेल्सही गेला. त्याचा अंत ठाण्यात झाला असे मानतात. आम्हा ठाकुर्लीकरांना लोकलने सुमारे अर्ध्या तासाचे हे ठाणे! आपली वेरूळची चित्रे छापलेली पाहणे काही त्याच्या नशिबी नव्हते.

गोयाची भुते माणसाच्या मनातली. वेरूळला मात्र कवट्यांची माळ घातलेला भैरव आणि हाडांचा सापळा झालेली काली पाषाणातच उभी आहेत. विलायतेतल्या रसिकांना तेव्हा अशा गूढ, भयाण दृश्यांचे वेडच लागले होते. आपल्या माणसाला मात्र त्या भैरवाचे भय वाटले, तरी परकेपणा वाटत नाही. घाबरतो आणि त्यालाच हात जोडतो!

या कथेत आणखी एक माणूस आहे : पुण्याचा गंगाराम तांबट. पुणे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्याने वेरूळची लेणी रेखाटली. मॅलेटने वेरूळवर लिहिलेल्या लेखाला गंगारामच्याच चित्रांचा आधार होता. वेल्सचीही त्याला तालीम मिळाली. आडनावातच तांबे असलेला हा कलावंत. पण लंडनच्या त्या तांब्याच्या पत्र्यांचे श्रेय वेल्स आणि डॅनिएल यांच्या वाट्याला आले. गंगारामची पुष्कळ चित्रे आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात जपलेली आहेत.

मुलांना घेऊन वेरूळला जाल तेव्हा त्यांना राष्ट्रकूटांचे नाव अवश्य सांगा. आणि तो भैरव पाहताना, कॅमेऱ्याच्या आधी, मिणमिणत्या उजेडात ही लेणी कागदावर उतरवणाऱ्या गंगारामचेही सांगा. एवढे देणे आपल्या खात्यावर बाकी आहे.