इंजिन बदलताय? आधी हे पाहा

फियाट ते पद्मिनी: कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डी तयार होऊ लागली. पुढे तीच ‘पद्मिनी’ झाली. इंजिन 1089 सीसीचेच राहिले, त्यामुळे जुन्या फियाटला पद्मिनीचे इंजिन ही घरातलीच अदलाबदल.

प्रीमियर 118 एनई: 1985 ची गाडी. बॉडी फियाट 124 ची, इंजिन निसानचे 1171 सीसी. कंपनी एकच, तरी पद्मिनीत हे बसवायचे तर माउंटिंग, गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट असे सगळेच काम निघते.

मारुती 800 आणि ओम्नी: दोन्हींत 796 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन. फसगत इथेच होते. 800 मध्ये ते आडवे बसते आणि पुढची चाके फिरवते. ओम्नीत पुढच्या सीटखाली उभे बसते आणि मागची चाके फिरवते. ब्लॉक जुळला म्हणजे इंजिन बसले असे नाही.

कागद: नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल अशा बदलाला मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार मनाई आहे. इंजिन बदलल्यास 14 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे लागते. नव्या इंजिनाचे बिल जपून ठेवा, विमा कंपनीलाही नवा क्रमांक द्या.

व्हिंटेज: 2021 च्या नियमांनुसार गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही.